जॉईन व्हयना का?

खानदेशात कुणाच्या पोराची चौकशी करायची तर पूर्वी तीन शब्द पुरायचे : "नोकरीले लागना का?" बाप मान हलवायचा आणि विषय संपायचा. हल्ली धुळ्याच्या पाचकंदीलपासून जळगावच्या टॉवर चौकापर्यंत कुठंही उभे राहा, प्रश्न ऐकू येतो तो असा : "जॉईन व्हयना का?" म्हणजे, जॉईन झाला का? या प्रश्नाला नुसती मान हलवून भागत नाही. कारण लागणं आणि जॉईन होणं यांच्यामधे आता बरंच अंतर पडलंय. पोरगा पास झाला, यादीत नाव आलं, कागद तपासून झाले, मेडिकल झालं, ऑर्डर निघाली. पण जॉईन नाही. गावाच्या हिशेबी तो लागलेला असतो, पेढे वाटून झालेले असतात, त्यातले मुलीकडच्यांनीही खाल्लेले असतात. पण मुलीकडचे पेढ्यावर जात नाहीत. "जॉईन झाला की कळवा," म्हणतात आणि चप्पल शोधायला लागतात. सोयरीक जुळवणारे एक आबा मला म्हणाले, "आता पत्रिकेचं काम नाही राहिलं भाऊ. जॉइनिंग लेटरची झेरॉक्स काढून ठेवायची. छत्तीसच्या छत्तीस गुण त्यातच."

तेव्हापासून मी सुरुवात करण्याच्या आणि भाग घेण्याच्या इंग्रजी क्रियापदांवर नजर ठेवून आहे. स्टार्ट, बिगिन, ओपन, लाँच, जॉईन, अटेंड, एन्टर, पार्टिसिपेट. इंग्रजांनी ही मंडळी कशासाठी घडवली ते त्यांना ठाऊक. खानदेशात आल्यावर त्यांच्याकडून जी कामं करून घेतली जातात, ती त्यांच्या मालकांना स्वप्नातही सुचली नसती.

पहिली गोष्ट अशी, की यातलं एकही क्रियापद आपण क्रियापद म्हणून घेतलेलं नाही. इंग्रज माणूस नुसतं 'जॉईन' म्हणतो आणि त्याचं वाक्य चालायला लागतं. आपल्याकडे नुसत्या जॉईननं पानही हलत नाही. वरातीत नवरदेव घोडीवर बसलेला असतो. फेटा त्याचा, हार त्याचा, फोटो त्याचे. पण मांडवापर्यंत चालत जाते ती घोडी. इंग्रजी क्रियापद मराठीत असंच येतं. मिरवतं ते जॉईन, आणि काळ, लिंग, वचन, पुरुष हे सगळं ओझं वाहतं बिचारं 'होणे' : जॉईन झाला, झाली, झाले, होईल, होणार होता पण साहेब रजेवर होते.

आणि घोडी कोणती निवडली, यावरून माणसाचा मनसुबा कळतो. 'होणे' आलं की समजावं, हे वरून आलंय, यात आमचा दोष नाही. "मी गडचिरोलीला जॉईन झालो," असं सांगणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावं. 'करणे' आलं की पैसे भरलेत. "जिम जॉईन केली" या वाक्याचा अर्थ वर्षाची फी एकदम भरली एवढाच असतो. व्यायामाचा त्यात उल्लेख नाही. 'घेणे' आलं की काहीतरी पदरात पडलंय : ॲडमिशन घेतली, साहेबांनी चार्ज घेतला. साहेब चार्ज घेतात आणि बदली झाली की देतात. मधल्या काळात तो कुणाकडे असतो, हे कचेरीत फक्त मोठ्या बाबूंना माहीत असतं.

उरलं 'मारणे'. ते खास आपलं. किक मारतात, स्टार्टर मारतात आणि एन्ट्री मारतात. सभेत एन्ट्री घेणारा बोलावलेला असतो, वेळेवर येतो आणि मागच्या रांगेत बसतो. एन्ट्री मारणारा बोलावलेला नसतो, दीड तास उशिरा येतो, मागे आठ-दहा जण आणि पुढे कॅमेरावाला असतो, आणि बोलणाऱ्याला आपलं भाषण थांबवून त्याचं स्वागत करावं लागतं. इंग्रजीत या दोघांना एकच क्रियापद आहे. तिथली गावं बहुधा सुखात असावीत.

हे सगळं धुळ्यात घडावं हेही योग्यच. मराठी क्रियापदांची मुळं ज्यानं हयातभर खणली, तो माणूस याच गावात राहिला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांच्यामागं लोकांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं आणि त्यांनी जमवलेल्या मराठी धातूंचा कोश मंडळानं १९३७ साली छापला. मराठी माणूस काय काय करतो आणि ते करायला त्यानं शब्द कुठून आणले, याचा तो जाडजूड हिशेब आहे. मराठीची एवढी क्रियापदं एका ठिकाणी नांदत असलेलं दुसरं गाव मला तरी ठाऊक नाही. त्याच गावात, त्या कोशापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एक मुलगा दुसऱ्याला म्हणत असतो, "तू आधी स्टार्ट तर कर, मग मी जॉईन होतो."

आता इथं एखादा भाषाप्रेमी उठणारच. दरवर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, तो शाळेशाळेत उठतोच. "मुलांनो, स्टार्ट म्हणू नका, सुरू म्हणा. जॉईन म्हणू नका, रुजू म्हणा. अटेंड करू नका, हजर राहा. पार्टिसिपेट होऊ नका, सामील व्हा. एन्ट्री घेऊ नका, दाखल व्हा." टाळ्या पडतात. मुख्याध्यापक शाल आणि नारळ देतात. पण सुरू, रुजू, हजर, सामील, दाखल ही पाचही मंडळी अरबी-फारसीच्या वाटेनं आलेली आहेत. तीही अशीच घोडीवर बसून आली : सुरू करणे, रुजू होणे, हजर राहणे. तीनशे-चारशे वर्षं मुक्काम पडला, रेशनकार्डात नाव लागलं, आता घरचीच झाली. म्हणजे मराठी माणसानं कामाला हात घातला की पूर्वी तो फारसीत घालायचा, आता इंग्रजीत घालतो. आणि काम खरोखरच होणार नसेल तर संस्कृतात. तेव्हा त्याला 'शुभारंभ' म्हणतात.

शुभारंभाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तो जिल्ह्याचा मोठा उद्योग आहे. एखाद्या रस्त्याला मंजुरी मिळाली की ठेकेदाराला 'कार्यारंभ आदेश' निघतो. एवढा सुंदर मराठी शब्द सरकारनं खपून तयार केला, छापला, त्यावर शिक्का मारला. आणि सगळे त्याला 'वर्क ऑर्डर' म्हणतात. वर्क ऑर्डर झाली की भूमिपूजन. कुदळीला फुलं बांधतात, तिच्यावर सहा-सात हात पडतात. त्या कुदळीनं माती उकरली जात नाही, कारण इतक्या हातांनी ती उचललीच जात नाही. मग फलक लागतो. फलकावर पाहुण्यांची नावं, खर्चाचा आकडा आणि मुदत. पुढं कधी जाऊन विचारलं, "काय हो, रस्त्याचं काय झालं?" तर उत्तर येतं, "काम चालू आहे." 'चालू' हा सरकारी मराठीतला सर्वांत स्थिर शब्द आहे.

कापसाचंही तसंच. खानदेशात काही ठिकाणी गणपतीच्या मुहूर्तावर काट्याची पूजा करून नव्या कापसाची खरेदी 'ओपन' होते. पहिला कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं, काट्याला हार आणि कापसाला असा भाव, की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. तो मुहूर्ताचा भाव. पेपरात फोटो येतो. फोटो पाहून दुसरा शेतकरी गाडी भरून नेतो, तेव्हा त्याला कळतं की भाव मुहूर्ताबरोबर विसर्जित झाला. "ओपनिंगचा रेट होता तो, दादा," व्यापारी समजावून सांगतो. ओपनिंग या शब्दाच्या पोटात क्लोजिंग किती जवळ असतं, हे त्या दिवशी शेतकरी शिकतो. त्याला त्यासाठी स्पोकन इंग्लिशचा क्लास लागत नाही.

क्लासचा विषय निघालाच आहे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. त्याआधी ती पाचवीत भेटायची. तोपर्यंत पोराला मराठीत उत्तरं देण्याची खोड लागून गेलेली असायची. त्या पिढीसाठी, आणि तिच्या मुलांसाठीही, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर स्पोकन इंग्लिशचे क्लास असतात. पारोळा, एरंडोल, साक्री, शिंदखेड्याची पोरं सकाळच्या एसटीनं येतात आणि पायऱ्यांवर चपला काढून वर जातात. एका क्लासात मी बसलो होतो. सरांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले : बिगिन, स्टार्ट, कमेन्स.

"तिघांचा अर्थ एकच," सर म्हणाले. पोरांनी निःश्वास टाकला. "पण," सर म्हणाले, आणि पोरं परत ताठ बसली. इंग्रजीचा सगळा अभ्यासक्रम या 'पण'नंतर असतो. "मशीन बिगिन होत नाही. मशीन फक्त स्टार्ट होतं. गाडी, ट्रॅक्टर, मोटार, काही असो, स्टार्टच. पिरियड बिगिनही होतो, स्टार्टही होतो."

"आणि कमेन्स, सर?"

"कमेन्स परीक्षेच्या वेळापत्रकात राहतं आणि टेंडरमध्ये. घरी नाही आणायचं."

मला हे फार पटलं. इंग्रजीत बिगिन आणि स्टार्ट हे घरचे, जुने शब्द; कमेन्स हे फ्रेंच बोलणाऱ्या राज्यकर्त्यांबरोबर आलेलं. आपल्याकडे 'आरंभ' जसा पत्रिकेपुरता, तसं ते तिकडे दरबारापुरतं. स्टार्टची कथा तर आणखी मजेची. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता उडी मारणे, दचकणे. सुरुवात हा अर्थ त्याला कितीतरी नंतर चिकटला. हे कोशात वाचल्यावर मला नवल वाटलं; पण रात्री दोनला लाईन आली म्हणून उठून ओल्या हातानं विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर दाबणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला ते वाटणार नाही. जुना अर्थ त्याच्या बोटात अजून शाबूत आहे.

स्टार्टर हा खानदेशातला खरा इंग्रजी शब्द. हिरवं बटण, लाल बटण आणि तो लोखंडी डबा. शेतकऱ्याच्या घरी पाळण्यातल्या पोरालाही तो कळतो. म्हणूनच आमचे यावल तालुक्यातले मामा, केळीवाले, जळगावच्या एका झगमगीत हॉटेलात बसले आणि टाय लावलेल्या पोरानं अदबीनं विचारलं, "सर, स्टार्टरमध्ये काय घेणार?", तेव्हा मामांनी तितक्याच अदबीनं विचारलं, "किती एचपीचे ठेवता?"

पोरगा गोंधळला. "सर, व्हेजमध्ये आहे, नॉनव्हेजमध्ये आहे."

"आमच्याकडे साडेसातचा आहे," मामा म्हणाले. "पण तो जळाला आता श्रावणात. वाइंडिंग नाही म्हणत मी, नुसता स्टार्टर."

मी मधे पडून खुलासा केला, की जेवण सुरू व्हायच्या आधी जे थोडंसं खातात त्याला स्टार्टर म्हणतात. मामांना ही कल्पनाच पटेना. "जेवणाच्या आधी जेवायचं? मग भूक कशाची लागेल?" खानदेशी पंगतीला आधी-नंतर नसतं, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पान मांडलं की बट्टी येते, तिच्यावर वरण येतं, वांग्याची भाजी येते. मग पुन्हा बट्टी येते. मधे कुठं सुरुवात झाली आणि कुठं संपलं, हे जेवणाऱ्यापेक्षा वाढणाऱ्याला जास्त माहीत असतं. मामांनी शेवटी शेवभाजी मागवली. ती आल्यावर पहिल्या घासाला त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते समाधानानं म्हणाले, "झालं स्टार्ट."

तर क्लासात पुढं सर भाग घेण्याच्या क्रियापदांकडे वळले. पार्टिसिपेटच्या मागं 'इन' लावायचं. अटेंडच्या मागं काही लावायचं नाही. जॉईनच्या मागं कधी लावायचं, कधी नाही. शेवटच्या बाकावरून एका मुलानं हात वर केला. "सर, लग्न अटेंड करायचं असतं, का जॉईन करायचं, का पार्टिसिपेट?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. तास संपायला वेळ होता, म्हणून ते म्हणाले, "अटेंड." व्याकरणाच्या दृष्टीनं बरोबर आहे. पण खानदेशातल्या लग्नाला एक क्रियापद पुरत नाही. जो आहेर लिहून, जेवून, "गाडी काढायचीय," म्हणत निघतो, तो लग्न अटेंड करतो. जो बँडपुढं रुमाल दातात धरून नाचतो आणि वरात चौकात अडवून धरतो, तो पार्टिसिपेट करतो. त्याच्या मागं 'इन' लागतं, कारण त्याला कुणी बाहेर काढू शकत नाही. जो तांदूळ संपल्यावर येतो आणि नवरदेवाशेजारी उभा राहून फोटो काढतो, तो जॉईन होतो. आणि जो पहाटेपासून गोवऱ्यांच्या विस्तवासमोर बसून बट्ट्या भाजत असतो, लग्न कधी लागलं हे ज्याला कळतही नाही, त्याच्यासाठी इंग्रजीत क्रियापद असेल, तर ते सरांनी अजून शिकवलेलं नाही. मराठीत त्याला 'राबणे' म्हणतात. त्याच्यावर नवरदेव बसवता येत नाही.

नवलाची बाब अशी, की या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट मात्र कुणीही इंग्रजीत नेली नाही. लग्न 'लागतं'. ते स्टार्ट होत नाही, ओपन होत नाही. फारसीला शरण न जाता, संस्कृताच्या दाराशी न जाता, सुरुवात सांगणारं हे आपलं क्रियापद : लागणे. पाऊस लागतो, भूक लागते, नाद लागतो, आग लागते, पोर रडायला लागतं, माणूस कामाला लागतो. यातल्या कशालाही निमंत्रण नसतं, नारळ नसतो, फलक नसतो. आणि मुख्य म्हणजे यातलं काहीही लागून लगेच थांबत नाही. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदार लागायचा. त्या दिवशी शब्द दिला की पुढच्या आखाजीपर्यंत वर्षभर तो त्या वावरात. त्याला जॉइनिंग लेटर नव्हतं. त्याच्या 'लागला'मधे वर्षाचं काम होतं. आपल्या 'जॉईन झाला'मधे फक्त पहिला दिवस आहे. दुसऱ्या दिवशी काय, याची जबाबदारी जॉईन घेत नाही.

इंग्रजी शब्दावर मात्र सगळा दोष टाकणं बरोबर नाही. भुसावळला जाऊन पाहा. तिथं रेल्वेच्या ड्रायव्हर-गार्डांची ड्युटी 'साइन ऑन'नं सुरू होते आणि 'साइन ऑफ'नं संपते. या साइन ऑनमधे एन्ट्री मारायची सोय नाही. लॉबीत यायचं, नळीत फुंकर मारून दारू प्यायलो नाही हे सिद्ध करायचं, सही करायची आणि गाडी घेऊन निघायचं. वाफेच्या इंजिनांच्या काळात तर ड्रायव्हरच्या दारावर रात्री-अपरात्री कॉल बॉय यायचा. हातात वही. झोपलेल्या माणसाला उठवून वहीत सही घ्यायचा, म्हणजे पुढं तो 'मला कुणी सांगितलंच नाही' म्हणू शकत नसे. कॉल बॉय आला की फक्त ड्रायव्हर नाही, अख्खी चाळ जागी व्हायची. डबा भरणारी बायको आधी. वहीत सही एकाची आणि उठायचं सगळ्यांनी. तिथं इंग्रजी शब्दालाही वजन आलं, कारण त्याच्यामागं खरोखरच मालगाडी होती.

आणि खुद्द जॉईनचं मूळ खणलं, तर तो शब्द इतका बापुडवाणा नाही. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला हा शब्द आपल्या संस्कृत 'युज्'चा सख्खा भाऊबंद आहे. त्याच घराण्यातला आपला योग, तोच इंग्रजांचा 'योक', आणि तेच आपल्या बैलाच्या मानेवरचं जू. म्हणजे जॉईन होणं याचा आजोबांच्या काळचा अर्थ : जू मानेवर घेणं. हे मुलीकडच्यांना कळलं तर ते जॉइनिंग लेटर पाहून पेढ्यांऐवजी पेंड वाटतील. पण नोकरीतल्या माणसाला विचारा. चार महिने झाले की मूळ अर्थ त्याचा त्याला सापडतो. बैलाला निदान पोळा असतो.

योगाचा विषय धुळ्याच्याच तुरुंगात फार मोठ्या प्रमाणावर निघाला होता. १९३२ साली सत्याग्रही तिथं कैदेत होते. विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर एकेक प्रवचन दिलं. अठरा रविवार, अठरा अध्याय. ती लिहून घेतली साने गुरुजींनी, जे १९३० साली अमळनेरच्या शाळेतली शिक्षकाची नोकरी सोडून लढ्यात उतरले होते. 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं ते या वह्यांमधून. मला या प्रसंगाचं भारी कौतुक वाटतं ते आपल्या विषयासाठी. गीतेचा सगळा पेच तरी काय आहे? अर्जुन जॉईन झालेला आहे. शंख फुंकून ओपनिंग दणक्यात झालेलं आहे. रथ मधोमध नेऊन त्यानं एन्ट्री मारलेली आहे. आणि आता तो म्हणतो, मी स्टार्ट करत नाही. धनुष्य टाकून खाली बसतो. जॉईन होणं आणि कामाला लागणं यांच्यामधलं अंतर भरायला प्रत्यक्ष भगवंताला अठरा अध्याय लागले. आमच्या कचेऱ्यांत एका मेमोवर भागवायला बघतात.

शिवाय श्रोते पाहा. प्रवेशिका नाही, हजेरीपट नाही, शेवटी पार्टिसिपेशन सर्टिफिकेट नाही. हल्ली शाळेत लिंबू-चमच्याच्या शर्यतीत लिंबू पाडणाऱ्यालाही सर्टिफिकेट मिळतं आणि बाप ते लॅमिनेट करून आणतो. धुळ्याच्या त्या वर्गातून मधेच उठून जायची सोय नव्हती हे खरं. पण लिहून घ्यायची सक्तीही नव्हती. साने गुरुजींनी अटेंड केलं असतं तरी चाललं असतं. ते लिहीत बसले.

मधेच उठून जायची सोय आता आपल्या हातात आली आहे, आणि तिनं घरोघर उच्छाद मांडलाय. भाऊबंदकीचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्यात कुणी कुणाला न विचारता ॲड करतं, मग माणूस 'जॉईन होतो'. सकाळी फुलं, दुपारी वाढदिवस, रात्री वाटणीचा विषय. मग एक दिवस ॲडमिनला बारीक अक्षरात ओळ दिसते, की अमका बाहेर पडला. त्या क्षणी शिरपूरपासून रावेरपर्यंत फोन सुरू होतात. "बापू लेफ्ट झाला!" पूर्वी भाऊ वेगळा निघायचा तेव्हा पंच बसायचे, भांडी मोजायचे, बैल वाटायचे. आता अंगठ्याच्या एका दाबात वेगळं निघता येतं आणि संध्याकाळी आत्यानं समजूत घातली की परत जॉईन होता येतं. इतकं सोपं विभाजन कुठल्याच तलाठ्यानं पाहिलेलं नाही.

पण खानदेशात एक ग्रुप असा आहे की तिथून लेफ्ट होता येत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसते. गावोगाव पांगलेले भाऊ त्या दिवशी एका घरी जमतात. रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, गहू काढताना घरातल्या पुरुषांची नावं घेऊन मुठी मोजतात. घरोघरची रीत थोडी वेगळी, पण नाव प्रत्येकाचं. पोरगा पुण्यात असो, अमेरिकेत असो, गेल्या दिवाळीपासून बोलत नसो, ग्रुपमधून बाहेर पडलेला असो. त्याच्या नावाची मूठ पडतेच. त्याला कुणी विचारत नाही. नावं पुरुषांची, आणि दळणं, भिजवणं, लाटणं, तळणं सगळं बायकांचं. म्हणजे इथंही मिरवणारा वर आणि चालणारी खाली, ही आपली जुनीच व्याकरणाची रीत. दुसरा नियम कडक : रोट घरच्यांनीच संपवायचे. बाहेर द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत.

गेल्या कानबाईला आमचा पुण्याचा पुतण्या आला नाही. रविवारी त्याचं रिलीज होतं. रिलीज म्हणजे काय ते काकूंना कळलं नाही. त्यांना वाटलं, पोरगं कुठंतरी अडकलं होतं आणि सुटतंय, तर बरंच आहे. आरतीच्या वेळी त्यानं व्हिडिओ कॉल केला. फोन देवीसमोर तांब्याला टेकवून उभा केला. त्यानं हात जोडले, "सगळ्यांना हाय," म्हणाला, "मी ऑनलाइन जॉईन झालोय," म्हणाला. सगळ्यांनी कौतुक केलं. आरती झाली, फोन बंद झाला, पानं मांडली. आणि मग हिशेब पुढं आला. त्याच्या नावाच्या मुठी पडल्या होत्या, त्याचे रोट झाले होते, आणि ते घरच्यांनीच संपवायचे होते. पुतण्या ऑनलाइन जॉईन झाला. त्याचं पुरण, त्याची खीर, त्याची गंगाफळाची भाजी आम्हाला ऑफलाइन जेवावी लागली. रात्री, परत सकाळी, परत दुपारी. मोठे काका तर मंगळवारी ताट पुढं आलं की नुसतं "अरे, त्याला लेफ्ट करा," म्हणायला लागले.

काकूंनी शेवटी पुण्याला फोन लावला. पलीकडून पुतण्यानं विचारलं, कानबाई कशी झाली. काकूंनी बाकीचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "पुढला सालले जॉईन व्हऊ नको. जेवाले ये."